राउटरचं नुसतं नाव लिहू नका

तेरखेड्यात काय किंवा कुठल्याही गावात काय, घरच्या घरी नेटवर्किंगचे प्रयोग करायचे तर पहिला प्रश्न राउटरचा. ‘कुठलाही स्वस्तातला चालतो’ हा सल्ला मला पटत नाही.

ज्याच्यावरून ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू झालं, तो लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी बघा. २००५ मधल्या पाचव्या आवृत्तीत फ्लॅश ४ एमबीवरून २ वर आली, रॅम १६ वरून ८ वर. नाव मात्र तेच! निबंधात नुसतं मॉडेल लिहिलं, तर दुसरा तो प्रयोग पुन्हा करणार कसा?

२०२४ च्या शेवटी आलेला ‘ओपन-डब्ल्यूआरटी वन’ इथे उजवा ठरतो. १ जीबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश, शिवाय १६ एमबीची वेगळी चिप. प्रयोगात सॉफ्टवेअर बिघडलं, तरी तिच्यावरून राउटर पुन्हा उभा करता येतो. उणीव अशी, की इंटरनेटच्या तारेनंतर लॅनचं पोर्ट एकच उरतं. दोन कॉम्प्युटर तारेने जोडायचे तर स्विच वेगळा. किंमतही सुरुवातीला ८९ डॉलर होती.

तेवढं जमत नसेल तर जुना घ्या, पण खालच्या लेबलवरची आवृत्ती वाचून, किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघून. आणि तीच आवृत्ती निबंधातही लिहा.