वारंवार गर्भपात: कारणांच्या तक्त्यातल्या दोन ओळी

पीएच.डी.च्या तयारीला लागलं की पहिलं काम ठरलेलं असतं, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर. वीस-पंचवीस पेपर वाचायचे आणि तक्ता करायचा: कारण, लेखक, वर्ष, निष्कर्ष. आज अशाच एका तक्त्याची चिकित्सा करू. विषय आहे वारंवार होणारा गर्भपात आणि त्याची संभाव्य कारणं. हाच विषय घेतला, कारण इथे तक्ता चुकीचा वाचला तर नुसता सिनॉप्सिस परत येत नाही. कुणाच्या तरी पोटावर महिनोन्‌महिने रोज एक इंजेक्शन टोचलं जातं.

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'गर्भपात' म्हणजे आपोआप झालेला आणि करून घेतलेला, दोन्ही. प्रश्नावलीत नुसतं 'गर्भपात झाला आहे का?' असं विचारलंत तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात जमा होतात. 'वारंवार' या शब्दाचंही तसंच. युरोपातली ईश्रे ही संस्था दोन गर्भपातांना वारंवार म्हणते, ब्रिटनचं रॉयल कॉलेज तीन धरतं. दोनवाल्या पेपरची टक्केवारी तीनवाल्याशेजारी मांडली की तुलना तिथेच फसली.

आता कारणं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली सापडते. आईचं वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. नॉर्वेच्या नोंदींवरून 2019 मध्ये बीएमजेत आलेल्या अभ्यासात गर्भपाताचा धोका 25 ते 29 या वयात 10 टक्क्यांच्या आसपास होता, पंचेचाळिशीपुढे 53 टक्के. याशिवाय आईवडिलांपैकी एकाच्या गुणसूत्रांतली अदलाबदल, गर्भाशयातला पडदा, थायरॉईड, मधुमेह, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज आणि रक्त लवकर गोठण्याची जन्मजात प्रवृत्ती, म्हणजे थ्रॉम्बोफिलिया. यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. तिच्यातल्या सगळ्या ओळी सारख्याच वजनाच्या दिसतात, खरी अडचण तिथे आहे.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. तिथल्या व्होरा, शेट्टी, घोष आणि सहकाऱ्यांचा थ्रॉम्बोफिलिया आणि अनाकलनीय गर्भपात यांवरचा पेपर 2008 मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात आला. ज्यांच्या गर्भपाताचं कारण सापडलं नव्हतं अशा भारतीय स्त्रिया एका बाजूला, तुलनेचा गट दुसऱ्या बाजूला, आणि दोघींच्या रक्तात काय सापडतं ते बघायचं. निष्कर्ष असा, की आजारामुळे आलेले आणि जन्मजात, असे दोन्ही प्रकारचे दोष गर्भपात झालेल्यांत जास्त आढळतात. काम मोलाचं आहे. इथल्या बायकांच्या रक्तातलं चित्र युरोपातल्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. तिकडे नेहमी सापडणारा फॅक्टर व्ही लायडेन हा दोष भारतात बराच कमी दिसतो.

पण या पेपरच्या आधारे आपण पुढे जे वाक्य लिहितो, तिथे गडबड होते. 'थ्रॉम्बोफिलियामुळे गर्भपात होतो, म्हणून रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यावं.' या एका वाक्यात दोन उड्या आहेत. 'सोबत आढळतं' वरून 'त्यामुळे होतं', आणि तिथून 'औषध दिल्याने थांबतं'. केस-कंट्रोल अभ्यास पहिल्या उडीलाही पुरा पडत नाही. दुसरीला तर चाचणीच लागते, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली.

म्हणून दोन ओळी शेजारी ठेवून बघा.

पहिली ओळ, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज. 1997 मध्ये लंडनच्या राय आणि सहकाऱ्यांनी अशा 90 स्त्रियांचे दोन गट केले. नुसत्या ॲस्पिरिनवर 42 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, ॲस्पिरिन आणि हेपॅरिनवर 71 टक्के. 2002 मध्ये लिव्हरपूलच्या 98 स्त्रियांच्या चाचणीत मात्र हा फरक जवळपास पुसला गेला: 72 आणि 78. म्हणजे पुरावा आहे, पण छोटा आणि एकमेकांशी न जुळणारा. तरी या ओळीत उपचाराला काही आधार आहे. अट एकच, अँटिबॉडीज किमान 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापडायला हव्यात. एकाच रिपोर्टवर निदान होत नाही.

दुसरी ओळ, जन्मजात थ्रॉम्बोफिलिया. 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये अलाइफ-2 चाचणी आली. दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि असा दोष असलेल्या 326 स्त्रिया, निम्म्यांना हेपॅरिन, निम्म्यांना नाही. जिवंत मूल झालं 72 टक्के आणि 71 टक्के स्त्रियांना. फरक दिसला तो अंगावर काळेनिळे डाग पडण्यात: 45 टक्के विरुद्ध 10 टक्के.

एकच औषध, एकाच तक्त्यातल्या लागून असलेल्या दोन ओळी आणि उत्तरं वेगळी.

आता उलट बाजूनेही टीका करू. अलाइफ-2 मध्ये भारत नव्हता आणि फॅक्टर व्ही लायडेनवाल्या स्त्रिया त्यात बऱ्याच होत्या. मग हा निकाल पुण्यातल्या बाईला जसाच्या तसा लावायचा का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर 'तर मग इंजेक्शन देऊन टाकू' हे होत नाही, 'इथे चाचणी करू' हे होतं. प्रोटीन एस ची कमतरता वाचताना आणखी एक बघा, रक्त घेतलं कधी? गरोदरपणात प्रोटीन एस आपोआपच कमी होतं. त्या काळातला किंवा त्यानंतर लगेचचा नमुना असेल, तर निरोगी बाईच्या कपाळीही दोषाचा शिक्का बसतो.

कुणी म्हणेल, 'पण अमुकतमुकला इंजेक्शनं दिली आणि बाळ झालं!' इथे प्रॉमिस चाचणी आठवा. 2015, कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपाताच्या 836 स्त्रिया. प्रोजेस्टेरॉनवर 65.8 टक्क्यांना बाळ झालं, खोट्या गोळीवर 63.3 टक्क्यांना. म्हणजे तीन तीन गर्भपातांनंतरही, विशेष औषध न घेता, दहातल्या सहा जणींना मूल होतं. या पार्श्वभूमीवर कुठलाही उपचार यशस्वी दिसणारच. तुलनेचा गट नसलेला पेपर म्हणूनच तक्त्यात वेगळा लिहावा.

दुसरा सापळा आठवणीचा. गर्भ राहिला नाही की घरात शोध सुरू होतो. पपई खाल्ली होती, टू-व्हीलरवर खड्ड्यांतून गेली, ग्रहणात भाजी चिरली, पाण्याची कळशी उचलली. जिचं बाळ सुखरूप झालं तिनेही यातलं बरंच केलेलं असतं, पण तिला कुणी विचारत नाही आणि तिला ते आठवतही नाही. नंतर विचारणाऱ्या अभ्यासात हाच पक्षपात 'रिस्क फॅक्टर' असं नाव घेऊन शिरतो.

याला उपाय आहे, आधीपासून नोंद ठेवणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा माता पोषण अभ्यास 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत सुरू झाला. त्याचा विषय गर्भाची वाढ आणि आईचा आहार हा होता, गर्भपात नव्हे. पण रचना बघा: स्त्रियांची नोंद दिवस जाण्यापूर्वीच केलेली, आणि दर महिन्याला कार्यकर्त्या घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. छेद सुरू होण्याआधी असा बांधावा लागतो. विलकॉक्स यांनी 1988 मध्ये अमेरिकेत 221 स्त्रियांची लघवी रोज तपासली. राहिलेल्या 198 गर्भांपैकी 31 टक्के टिकले नाहीत, आणि 22 टक्के तर कुणाच्या लक्षात येण्याआधीच गेले. दवाखान्याच्या केसपेपरवरून काढलेल्या टक्केवारीत हे गर्भ नसतातच.

शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत रिकामा असतो, पुरुषाचा. परळच्याच राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या गटाने 2021 मध्ये ह्यूमन रिप्रॉडक्शनमध्ये अशा जोडप्यांतल्या पुरुषांच्या शुक्राणूंमधल्या डीएनए मेथिलेशनचे दोष मांडले. 'सोबत आढळतं' ही मर्यादा यालाही आहे, पुरुष निघाला म्हणून नियम सैल करायचे नाहीत. पण ज्याची तपासणीच झाली नाही तो निर्दोष ठरतो आणि सगळ्या तपासण्या जिच्या झाल्या तिच्यातच दोष सापडतात, हे संशोधकाने तरी ओळखायला हवं. सासरच्यांनी ओळखावं ही पुढची गोष्ट.

तेव्हा तुमच्या तक्त्यात 'निष्कर्ष' या एका रकान्याचे तीन करा. सोबत आढळतं का? आधीपासून होतं हे दाखवलंय का? दूर केल्यावर निकाल बदलला का? बऱ्याच ओळींत तिसरा रकाना कोरा राहील. राहू द्या, तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल. आणि मी डॉक्टर नाही. कुणाची औषधं चालू असतील तर ही पोस्ट वाचून बंद करायची नाहीत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: माझ्या रिपोर्टमधली ही ओळ कितव्या रकान्यापर्यंत भरलेली आहे?