दगड, वीट आणि हशा

आपल्याकडे म्हणतात, ‘दगडापेक्षा वीट मऊ’. अमेरिकन मतदाराला दर चार वर्षांनी दगड आणि विटेतून एक उचलावं लागतं, आणि तिथला टीव्हीवरचा विनोद दर चार वर्षांनी त्यावर हसतो. आज मला दोन गाजलेले भाग घेऊन एवढंच बघायचंय, की हा विनोद नेमका कुणावर आहे?

पहिला ‘द सिम्पसन्स’चा, ऑक्टोबर १९९६ मधला. परग्रहावरचे दोन प्राणी क्लिंटन आणि डोल यांना पळवतात, त्यांचं रूप घेतात आणि प्रचाराला लागतात. भर सभेत बिंग फुटतं. पण ते प्राणी शांतपणे सांगतात : पद्धत दोन पक्षांची आहे, आमच्यापैकी एकाला मत द्यावंच लागेल. एक जण म्हणतो, मी तिसऱ्याला देईन. हे हसतात. जा, वाया घालव मत! शेवटी सगळी माणसं गुलाम होतात, आणि साखळदंडातला होमर म्हणतो, मला दोष देऊ नका, मी तर दुसऱ्याला मत दिलं होतं.

आता हा विनोद पोकळ नाही बरं का. १९९२ साली रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं पडली आणि निर्वाचक मतं मिळाली शून्य. कारण मेन आणि नेब्रास्का सोडले, तर ज्याला राज्यात सर्वाधिक मतं, त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं. म्हणजे ‘वाया जातं’ हे गणित खरंच आहे. पण लेखक तिथे थांबत नाहीत. शेवटचा फटका होमरला बसतो. गळ्यात साखळी आहे, आणि याला समाधान कशाचं, तर आपले हात स्वच्छ असल्याचं!

दुसरा भाग ‘साउथ पार्क’चा. २७ ऑक्टोबर २००४, म्हणजे बुश-केरी मतदानाच्या सहा दिवस आधी. शाळेला नवं बोधचिन्ह निवडायचंय. पर्याय दोन. एक विष्ठेचं सँडविच. दुसऱ्याचं नाव मी व्यासपीठावरून घेत नाही. स्टॅन म्हणतो, दोन्ही सारखेच, मी मत देणार नाही. गाव त्याला हाकलून देतं. त्याला शिकवण मिळते, की निवड कायम अशाच दोघांत असते. तो परत येतो, मत देतो, हरतो. आणि शेवटी निवडणूकच फुकट जाते, जुनी गायच बोधचिन्ह म्हणून परत येते.

मी हा भाग पाहताना खूप हसलो. पण माझी तक्रार इथेच आहे. ‘कायम असंच असतं’ म्हटलं, की माणसांनी केलेला नियम पावसाळ्यासारखा वाटायला लागतो. आणि ती दोन नावं आली कुठून? मुलांनीच टवाळी म्हणून पुढे केलेली! हा धागा लेखकांच्या हातात होता, त्यांनी तो सोडून दिला. खऱ्या निवडणुकीतही दगड आणि वीट आकाशातून पडत नाहीत. पक्षांतर्गत प्राथमिक फेऱ्यांत ती ठरतात. २००४ मध्ये केरींची उमेदवारी मार्चच्या सुरुवातीलाच जवळपास पक्की झाली होती. विनोद मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस येतो आणि म्हणतो, बघा, काय हे पर्याय!

आणि ‘दोघे सारखेच’ याची किंमत असते. २००० साली बुश आणि गोर सारखेच, असं पुष्कळांनी म्हटलं. फ्लोरिडात फरक पडला ५३७ मतांचा; तिथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं होती. त्यातली सगळी गोरना गेली असती, असं मी म्हणत नाही. पण सप्टेंबर २००२ मध्ये बुश यांच्या इराक धोरणाला जाहीर विरोध करणारा माणूस गोरच होता. वीट दगडापेक्षा किती मऊ, हे कधीकधी डोक्यात पडल्यावरच कळतं.

मग विनोदाने प्रचार करावा का? नाही. स्टीफन कोल्बेर यांनी २०११ मध्ये काय केलं बघा. त्यांनी खरोखरीची ‘सुपर पॅक’ काढली, म्हणजे निवडणुकीत हवा तेवढा पैसा गोळा करून खर्च करता येणारी समिती. वकिलाला कार्यक्रमात बसवून तिचे नियम समजावून घेतले, निवडणूक आयोगापुढे जाऊन परवानगी मिळवली, दहा लाख डॉलरांवर देणग्या जमवल्या. पुढे स्वतः उमेदवारीचा आव आणताना ती समिती कॅमेऱ्यासमोर मित्र जॉन स्टुअर्टच्या हवाली केली. आता आमचा दोघांचा काही संबंध नाही हं! प्रेक्षक हसले, आणि हसता हसता त्यांना नियमातली पळवाट दिसली. या विनोदाला पीबडी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

पुढच्या वेळी ‘सगळे चोर’ छापाचा कार्यक्रम बघाल तेव्हा हसा, जरूर हसा. फक्त एवढं तपासा : हसून झाल्यावर आपल्याला यंत्राचा एखादा स्क्रू दिसला, की होमरसारखं आपण फक्त हात झटकले?