नाचण्यासाठीं लावणीची निवड

चांगलें गाणें आणि नाचावयास चांगलें गाणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें तत्त्व मान्य करण्यास कोणाची हरकत दिसत नाहीं. पण लावणीनृत्याचा कार्यक्रम आंखावयाची वेळ आली कीं तें सर्वांच्याच विस्मरणांत जातें. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांनीं लावणीला कवि दिले, गायिका दिल्या आणि मर्मज्ञ श्रोतेही दिले. असें असतां तेथील रंगमंचावरही आज दोन पंथ दिसतात. पहिला चित्रपटांतील चारसहा गाजलेल्या लावण्यांबाहेर जात नाहीं. दुसरा पेशवाईच्या अलीकडे उतरावयास तयार नाहीं. एकाची कसोटी लोकप्रियतेची, दुसऱ्याची प्राचीनतेची. आमच्या मतें दोन्ही गैरलागू आहेत. लावणी कोणत्या सालची हें इतिहासकारानें विचारावें. नाचणारीनें विचारावयाचें तें एवढेंच कीं, या लावणींत मला जागा किती?

प्रथम पेशवाईकडे पाहूं. रामजोशांची लावणी ही पंडिताची लावणी. यमकांची दाटी आणि संस्कृत शब्दांची रेलचेल अशी कीं, श्रोत्याचें लक्ष क्षणभर ढळलें तर अर्थ हातचा जावा. तिच्यावर चाळांचा गजर चालविणें म्हणजे कीर्तनकाराचें निरूपण रंगांत आलें असतां मागून टाळ कुटण्यासारखें आहे. तिला बैठकच शोभते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची कीर्ति या बसून करावयाच्या अदाकारीवर उभी होती. १९७७ सालीं संगीत नाटक अकादमीनें आणि २०१२ सालीं पद्मश्री पुरस्कारानें त्यांचा गौरव झाला. बैठकीच्या लावणींत एकच ओळ पुन्हां पुन्हां येते. एकदां ती रुसव्याची असते, एकदां आर्जवाची, एकदां निव्वळ थट्टेची. शब्द तेच राहतात. डोळा, भिंवई आणि बोटें त्यांचा अर्थ पालटतात. पाय जागचे हालले नाहींत म्हणून हें नृत्य नव्हे असें कोण म्हणेल?

याच्या उलट प्रकार पठ्ठे बापूरावांचा. वाळवे तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष गांवच्या श्रीधर कृष्ण कुलकर्णी या ब्राह्मणानें (१८६६–१९४५) जातीचा मान बाजूस ठेवून फडाचा संसार मांडिला, आणि लावणी रचली ती बोर्डावर उभ्या असलेल्या स्त्रीसाठीं. नाचणारीनें चरण म्हणावा, मागें उभ्या असलेल्या सुरत्यांनीं झील धरून तो उचलावा, आणि तेवढ्या अवकाशांत तिचा गळा विसावून पाय मोकळे व्हावे, अशी येथें व्यवस्था आहे. ढोलकीवाला तिच्या पायांवर नजर ठेवून असतो. ती थांबली तर तो थांबतो, तिनें डिवचलें तर तो उत्तर देतो. ही लावणी बैठकींत घेतली तर निम्मी फिकी पडते.

आतां चित्रपट. १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’मधील सर्वांत गाजलेल्या लावणीचे कवि ग. दि. माडगूळकर आटपाडीकडचे आणि गायिका आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. चाल वसंत पवारांची. १९७२ सालच्या ‘पिंजरा’तील राम कदमांच्या चालींत फडाचा बाज इतका मुरलेला आहे कीं, त्यांस कृत्रिम म्हणणें अन्यायाचें होईल. तक्रार चालींविषयीं नाहींच. तक्रार ही कीं, त्या लावण्यांची लांबी ठरलेली आहे आणि मधल्या वाद्यमेळाच्या जागा कॅमेऱ्याच्या सोयीनें भरलेल्या आहेत. पडद्यावर नाचल्या जयश्री गडकर आणि गळा आशाबाईंचा. पडद्यावर तें शोभलें. रंगमंचावर तेंच ध्वनिमुद्रण लावून नाचलें म्हणजे नाचणारी मुकी होते. प्रेक्षकानें ‘पुन्हां’ म्हणून आरोळी दिली तरी यंत्र पुढेंच धांवतें.

हा अनुभव आपलाच आहे असें नाहीं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील सॅव्हॉय बॉलरूममध्यें (१९२६–१९५८) जॅझचे दोन वाद्यवृंद आळीपाळीनें वाजत, आणि वादक नाचणाऱ्यांकडे पाहून वाजवीत. चाळिशीच्या दशकांत बीबॉप आला. वादनाची बुद्धिमत्ता वाढली, पण नाचणारे बहुतांशीं खुर्चीवर बसले. त्या संगीतास कोणी हलकें म्हणत नाहीं. तें ऐकावयाचें ठरलें, इतकेंच. आजही जुन्या जॅझवर नाचणारांस सालापेक्षां चलन आणि ठेका पाहूनच तबकडी निवडावी लागते.

तात्पर्य, निवड काळाच्या क्रमानें न करतां कामाच्या क्रमानें करावी. आरंभीं पेशवाईची एक लावणी बसून, सावकाश, अदेसाठीं घ्यावी. मग पायांसाठीं बापूरावांच्या दोन. शेवटीं चित्रपटांतील एखादी, मग ती १९५९ ची असो वा २०१० सालच्या ‘नटरंग’ची. अट एकच: ती जिवंत गळ्यानें गायिली जावी आणि ढोलकी समोर असावी. नाचणारीस गातां येत नसेल तर गाणारीस शेजारीं बसवावें. खर्च वाढेल, कार्यक्रमांतील चार लावण्या कमी होतील; होऊं द्याव्या. ध्वनिमुद्रणावर शिकलेल्या मुलीला पाऊल येईल, पण ओळ थांबविण्याचा, परतविण्याचा आणि तिच्यांतून नवा अर्थ काढण्याचा जो अधिकार यमुनाबाईंपाशीं होता, तो तिला कधीं मिळणार नाहीं. आणि तो अधिकार एका पिढींत सुटला तर पुढच्या पिढीस तो होता याची आठवणही राहणार नाहीं.