भ्रंशाचे मोजमाप आणि उष्णतेचा प्रश्न

जोनाथन केन, जेम्स इव्हान्स व क्रेग फॉर्स्टर यांचा भ्रंशपट्ट्यांची रचना व पारगम्यता यांवरील निबंध १९९६ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निबंध अवघा चार पृष्ठांचा. परंतु त्याचा या विषयावर जो पगडा बसला, तो मोठमोठ्या ग्रंथांनाही क्वचितच लाभतो. भ्रंश हा पाण्याचा नळ की बांध, हा वाद जुनाच. दोन्ही गुण एकाच भ्रंशात नांदू शकतात, हे या लेखकत्रयीने नेमकेपणाने मांडले. मध्यभागी घर्षणाने पीठ झालेल्या खडकाचा गाभा. तो बहुधा पाण्याला आडवा येतो. त्याच्या अंगांस भेगांनी जर्जर झालेला पट्टा; त्यातून पाणी चढते-उतरते. जर्जर पट्ट्याच्या रुंदीस एकूण रुंदीने भागले की ० ते १ यांमधील एक अंक मिळतो. तो ० कडे झुकला तर बांध, १ कडे झुकला तर वाट.

सूत्र सुटसुटीत आहे, आणि धोका तेथेच आहे. रुंदी हे भ्रंशाच्या गतेतिहासाचे माप होय. भेगा आज उघड्या आहेत की मिटलेल्या, हे ती सांगत नाही. वर चढताना निवणारे पाणी भेगांत सिलिका सोडते व आपलीच वाट बुजविते. भ्रंश सरकताना गाभाही काही काळ वाट होतो, हे लेखकांनी स्वतः नमूद केले आहे. मात्र त्यांच्या अंकात काळाला स्थान नाही. नेव्हाडातील डिक्सी व्हॅलीचा स्टिलवॉटर भ्रंश या बाबतीत बोलका आहे. १९८८ पासून तेथील भूगर्भीय उष्णतेवर वीज निर्माण झाली. परंतु त्याच भ्रंशाच्या दुसऱ्या भागातील विहिरींना पुरेसे पाणी लागले नाही. हिकमन, बार्टन व झोबॅक यांच्या मापनांतून असे दिसले की, तेथे पाणी वाहू देणाऱ्या भेगा मुख्यतः त्याच, ज्या खडकातील प्रतिबलामुळे सरकण्याच्या बेतात असतात.

उष्णतेचा विचार तर निबंधात जवळजवळ नाहीच. तो त्याचा विषय नव्हता, हे खरे. तथापि १५० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता २० अंशांवरील पाण्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी असते, म्हणजे तीच भेग उष्ण पाण्याला कितीतरी मोकळी. द्रवाला वगळून भ्रंशाचा स्वभाव ठरविता येत नाही.

कोकणात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत उन्हाळ्यांची रांग आहे. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे. दख्खनचा ज्वालामुखी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवाली. पावसाचेच पाणी भेगांतून खोल उतरते, तापते व वर येते. नकाशावर त्या भेगांच्या रेषा ओढल्या जातात, पण जांभ्याखाली व बेसाल्टखाली गाभ्याची रुंदी मोजणार कोण? छिद्र कोठे पाडावे हे ठरविताना केवळ या अंकाचा आधार घेणे म्हणजे न पाहिलेल्या भिंतीची जाडी गृहीत धरणे होय. प्रतिबलाची मापने आणि झऱ्यांच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण यांना तेथे अग्रक्रम मिळावयास हवा.