वेदीवरील मराठी : एका प्रचलित विधानाचा परामर्श

महाराष्ट्रांतील कॅथलिक धर्मजीवनाविषयीं लिहितांना एक विधान वारंवार केलें जातें कीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२–१९६५) लॅटिन हद्दपार केली आणि तेव्हांपासून मराठी चर्चमध्यें आली. हें विधान दोन्ही अंगांनीं तपासून पाहण्याजोगें आहे. पंचवटीच्या वाचकास तर तें विशेष तपासावेंसें वाटेल. कारण देवाशीं कोणत्या भाषेंत बोलावें आणि देवाजवळ कोणीं जावें, हे दोन्ही प्रश्न गोदातीरास नवे नाहींत.

पहिलें अंग लॅटिनचें. परिषदेचा उपासनाविषयक ठराव ४ डिसेंबर १९६३ रोजीं जाहीर झाला. त्याचें ३६ वें कलम रोमन विधींत लॅटिनचा वापर राखावा असें प्रथम सांगतें. आणि लोकभाषा लोकांस पुष्कळदां हितावह होत असल्यामुळें तिला अधिक वाव द्यावा, असें त्यानंतर म्हणतें. म्हणजे ती परवानगी होती, हद्दपारी नव्हती. पुढें लोकभाषा सर्वत्र पसरली हें खरें. परंतु तें फळ अंमलबजावणीचें आहे, ठरावाच्या अक्षरांचें नव्हे.

दुसरें अंग मराठीचें. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त राशोल येथें छापलें गेलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ. लिपि रोमन, पण भाषा मराठी. गोदावरीच्या कांठीं पंचवटीच्या खालीं जें पैठण, तेथील एकनाथांस जाऊन तेव्हां अवघीं सतरा वर्षें झालीं होतीं. संस्कृतांतील अर्थ प्राकृतांत आणण्याचा जो मार्ग संतांनीं रुळविला होता, तोच ह्या परदेशी धर्मगुरूनें धरिला. १६८४ त पोर्तुगीज सरकारनें तीन वर्षांत देशी भाषा सोडण्याची आज्ञा केली, तरी ग्रंथ टिकला. १९०७ सालीं त्याची आवृत्ति मंगळुरास निघाली.

तेव्हां मराठी चर्चमध्यें परिषदेनें आणली, असें म्हणतां येत नाहीं. परंतु येथें एक भेद विसरतां कामा नये. पुराण चर्चमध्यें वाचलें जाई, तथापि मिस्साविधीचे शब्द लॅटिनच राहिले. मराठी श्रोत्यांच्या बांकांपर्यंत आली होती, वेदीपर्यंत नव्हे. परिषदेनंतर ती वेदीवर चढली, हें खरें नावीन्य होय.

हें नावीन्य किती मोठें, तें नाशिक धर्मप्रांतांत कळतें. हा प्रांत १९८७ सालीं पुणें धर्मप्रांतांतून वेगळा झाला. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा त्यांत मोडतो. तेथें जर्मन जेझुइटांनीं धर्मग्राम वसविले. पहिल्या महायुद्धांत हे धर्मगुरू स्थानबद्ध होऊन परत पाठविले गेले, आणि कार्याचा धागा तुटला. ह्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबें अशा वर्गांतलीं होतीं कीं, ज्यांस गांवच्या देवळाची पायरी चढूं दिली जात नसे. काळाराम मंदिराच्या दाराशीं २ मार्च १९३० रोजीं सत्याग्रह सुरू झाला, तो ह्याच पायरीसाठीं. अशा माणसांनीं वेदीवरचे शब्द आपल्या भाषेंत ऐकावे, त्यांस प्रत्युत्तर द्यावें, ही केवळ सोय नव्हे. तरी जिभेचा सहभाग म्हणजे समतेची पूर्तता, असेंही कोणीं समजूं नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती दलितांस नाकारल्या, हा प्रश्न मिस्सेच्या भाषांतरानें सुटलेला नाहीं.

ह्या नव्या युगाचें वाङ्मयीन फळ म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’कडे पाहावें. त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. नांवाप्रमाणें तें सुबोध आहे. मिशनरी मराठीचा परकेपणा त्यांत पुष्कळ कमी झाला आहे. तथापि आमच्या मतें तें प्रथम डोळ्यांसाठीं लिहिलें आहे, आणि स्टीफन्सची ओवी कानासाठीं. उपरोक्त ठरावाचें ११९ वें कलम मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असें सांगतें. महाराष्ट्रांत ती परंपरा ओवीची, अभंगाची, कीर्तनाची. ह्या कलमाचें ऋण पुरतें फिटलें असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं इतिहासलेखकांविषयीं. नाशिकचे ख्रिस्ती म्हटलें कीं शरणपूर, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ एवढ्यांतच लेखणी थांबते. हीं सर्व प्रॉटेस्टंट परंपरेंतलीं आहेत, आणि त्यांस मिळालेला मान रास्तच आहे. परंतु कॅथलिक धर्मग्रामांचीं साधनें निराळीं आहेत. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणें १५६३ पासून त्यांस बंधनकारक आहे. ह्याहून नाशवंत साधन म्हणजे माणसांची आठवण. १९६३ सालीं जो मुलगा दहा वर्षांचा होता, लॅटिन उत्तरें पाठ म्हणत होता आणि पुढें त्याच ठिकाणीं मराठी म्हणूं लागला, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्या दिवशीं त्यास काय वाटलें, हें कोणत्याही नोंदवहींत सांपडणार नाहीं. तें विचारून लिहून ठेवण्याचें काम संशोधकांनीं आतांच हातीं घ्यावें. विलंब केल्यास उत्तर देणारा उरणार नाहीं.