गळ, दुर्बीण आणि मगरीचे पाणी

आमच्या मंडळाच्या गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी आपल्या ऑस्ट्रेलिया-प्रवासाचे लेखन वाचून दाखवले. मुलगा आणि त्याचे दोन मित्र यांच्यासह जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी केर्न्सहून डार्विनपर्यंत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उष्ण कटिबंधातील उत्तर टोकाने, दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास मोटारीने केला. नदी लागली की गळ टाकायचा आणि पाणथळ लागली की दुर्बीण काढायची, असा त्यांचा क्रम होता. हे लेखन आपल्या पुढील अंकात येणार आहे. ते छापण्यापूर्वी त्याची चर्चा व्हावी असे संपादकांना वाटले आणि लेखकांनीही हातचे न राखता लिहा म्हणून सांगितले. त्या परवानगीचा मी पुरेपूर उपयोग करणार आहे.

प्रथम गुणांविषयी. परदेशप्रवासाच्या मराठी लेखनात यजमानांचे आदरातिथ्य, विमानतळावरील धांदल आणि परमुलखात मिळालेला वरणभात यांना जी मानाची जागा असते ती येथे कोणालाही मिळालेली नाही. लेखकाला नावे ठाऊक आहेत, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्यावर तो विशेषणे उधळत नाही. ॲथर्टनच्या पठारावर शेतात उतरलेले सारस पाहून त्याला खेडा जिल्ह्यातील भाताची शेते आठवतात, तो परिच्छेद मला विशेष भावला. ऑस्ट्रेलियात सारस असल्याची नोंद १९६६ सालापर्यंत झालेली नव्हती. तेथील ब्रोल्गा क्रौंचात तो बहुधा नजरेआड राहिला असावा, हे लेखक एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. डार्विनजवळच्या फॉग डॅमचा मजकूरही असाच नेटका आहे. हम्प्टी डू येथे भातशेती करण्यासाठी १९५६ साली हा बांध घातला गेला, शेतीचा बेत फसला आणि पाणी पक्ष्यांच्या वाट्याला आले. मॅग्पाय हंसांच्या थव्यांचे वर्णन करताना लेखकाला उपमेची गरज भासलेली नाही, हे मी मोठे यश समजतो.

आता तक्रार. हे लेखन दोन भाषांत लिहिलेले आहे. पक्ष्याला नाव आहे, आवाज आहे, सवयी आहेत. माशाला मात्र फक्त लांबी आहे. कॅरम्बा येथे बॅरामुंडी गळाला लागतो तेव्हा आपल्याला कळते की तो मीटरभराला थोडा कमी होता, दोर किती वेळ ताणला गेला आणि छायाचित्र कोणी काढले. हा मासा आपल्याला परका नाही. कोकणात ज्याला जिताडा आणि गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच हा. पण लेखकाच्या हे ध्यानात आलेले दिसत नाही. सारसाने ज्याला खेडा आठवून दिले त्याला जिताड्याने अलिबाग आठवून देऊ नये, याचे कारण स्मरणशक्तीत नसून दृष्टीत आहे. दुर्बिणीतून पाहिलेले तेवढे निसर्ग आणि गळाला लागलेला तो पराक्रम, अशी वाटणी त्याने नकळत करून टाकली आहे.

या वाटणीचा परिणाम तपशिलावरही होतो. त्या मोठ्या माशाला लेखक ‘म्हातारा योद्धा’ म्हणतो. बॅरामुंडी आयुष्याचा पहिला काळ नर म्हणून घालवतो आणि पुढे मादी होतो. एवढ्या आकाराचा मासा म्हणजे जवळजवळ नक्कीच मादी. क्वीन्सलंडमध्ये ५८ सेंटिमीटरांहून लहान आणि १२० सेंटिमीटरांहून मोठा बॅरामुंडी ठेवून घेता येत नाही, त्यातील वरची मर्यादा या अंड्यांनी भरलेल्या माद्यांसाठीच आहे. नॉर्दर्न टेरिटरीत लहान मासे परत पाण्यात सोडल्याचे लेखक भूतदयेच्या सुरात सांगतो. तेथे ५५ सेंटिमीटरांची अट कायद्यानेच घातलेली आहे. एखाद्या पक्ष्याच्या बाबतीत त्याने अशी गफलत होऊ दिली नसती.

दुसरी उणीव ऋतूंची. लेखक तेथील पर्यटनपत्रकांप्रमाणे दोनच ऋतू मानतो, ओला आणि कोरडा. काकाडूच्या परिसरातील मूळ रहिवासी, बिनिंज आणि मुंग्गुय, वर्षाचे सहा ऋतू करतात. गुनुमेलेंगमध्ये वळवाची वादळे होतात, गुडजेव्गमध्ये पाऊस कोसळतो, बांगेरेंगची वादळे पुरुषभर उंच गवत आडवे करतात. नंतर येग्गे आणि वुर्गेंग हे थंडीचे, शेवटी गुरुंग हा तापलेला कोरडा ऋतू. ज्याच्या घरी वसंत-ग्रीष्मापासून शिशिरापर्यंत सहाची मोजणी पाठ आहे, त्या मराठी लेखकाने दोनावर समाधान मानावे? काकाडूत गळ रिकामे का गेले याचे उत्तरही याच मोजणीत आहे. थंडीच्या दिवसांत हा मासा सुस्तावतो. पावसानंतर पूर ओसरू लागतो तेव्हा तो खरा हाती लागतो. लेखक दोष आमिषाला देतो.

उबिरच्या खडकाला तर त्याने दोनच ओळी दिल्या आहेत. तेथील भिंतीवर मासे रंगवलेले आहेत, त्यांत बॅरामुंडीही आहे, आणि तो बाहेरून दिसतो तसा नाही: कणा, काटे, आतली इंद्रिये, सगळे रेखलेले. अभ्यासक याला क्ष-किरण शैली म्हणतात. असे चित्र मासा कापून खाणाऱ्या माणसाचेच असू शकते, आणि त्या माशाकडे मन लावून पाहणाऱ्याचेही. ज्या दोन भाषांची मी तक्रार केली त्या त्या भिंतीवर एकच आहेत. लेखकाच्या प्रवासाचा गाभा येथे होता, आणि सूर्यास्त गाठायचा म्हणून तो तेथून घाईने निघाला.

उबिरपासून जवळच, ईस्ट ॲलिगेटर नदीवर केहिल्स क्रॉसिंग आहे. (नदीत ॲलिगेटर नाहीत, १८२०च्या सुमारास फिलिप पार्कर किंग या सर्वेक्षकाला मगरी तशा वाटल्या आणि नाव चिकटले.) भरतीच्या पाण्याबरोबर मासे येतात आणि त्यांच्यासाठी खाऱ्या पाण्यातील मगरी. लेखकाने मगरी मोजल्या, चौदा भरल्या. १९७१ साली संरक्षण मिळाले तेव्हा या प्रदेशात त्या सुमारे तीन हजार उरल्या होत्या, आज लाखाच्या घरात आहेत, हे त्याने दिले आहे. ते बरोबरच आहे. पण मगर त्याच्या लेखनात देखाव्यापलीकडे जात नाही.

याच नदीच्या परिसरात फेब्रुवारी १९८५मध्ये व्हॅल प्लमवुड ही तत्त्वचिंतक लहान होडीतून एकटीच निघाली होती. मगरीने होडीला धडका दिल्या. काठच्या झाडावर उडी घेताना तिला पकडले आणि तीन वेळा पाण्याखाली गरगरा फिरवले. ती सुटली, फाटलेल्या पायांनी सरपटत गेली आणि वाचली. मगरीला गोळी घालण्याची भाषा सुरू झाली तेव्हा तिने विरोध केला, कारण आगंतुक आपण होतो, मगर नव्हे. यावर लिहायला तिने सुमारे दहा वर्षे घेतली. जगाकडे पाहणारा मी त्या जगाचे अन्नही आहे, हा त्या निबंधाचा विषय. आपल्याला गजेंद्रमोक्ष ठाऊक आहे. आपली सहानुभूती प्रथमपासून हत्तीकडे असते, आणि नक्रालाही मुक्ती मिळते ती तो मुळात शापित गंधर्व होता म्हणून. नुसत्या मगरीची बाजू, ती मगर आहे एवढ्यासाठी, कोणी घेतलेली मला आठवत नाही. प्लमवुडने ती घेतली, आणि तीही जखमांसह.

वाचनानंतर एका श्रोत्याने विश्वामित्रीतील मगरींविषयी विचारले. लेखक हसून म्हणाले, त्यांच्याविषयी काय लिहायचे, त्या तर रोजच्याच. ऑगस्ट २०२४च्या पुरात या रोजच्या मगरी आपल्या सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या. जिन्यात उभे राहून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांत या मंडळाचे किमान तीन सभासद होते, त्यांपैकी मी एक. त्या रात्री माझ्या हातात दुर्बीण नव्हती.

लेखकांच्या हस्तलिखितात केहिल्स क्रॉसिंगच्या पानावर एक वाक्य आहे: सगळे छायाचित्रे काढत असताना एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ टाकत होता. २०१७ साली याच ठिकाणी पायी पाणी ओलांडणाऱ्या एका माणसाला मगरीने मारले होते. तो गळवाला तेथे का उभा होता, त्याला काठावरून कोणी हाक मारली का, लेखकाला स्वतःला त्या क्षणी काय वाटले, यांतले काहीच पुढे येत नाही. पुढच्या वाक्यात मोटार निघालेली असते. हे पान त्यांनी पुन्हा लिहावे. अंक छपाईला जायला अजून तीन आठवडे आहेत.