'आम्ही', 'आपण' आणि वीस शरीरांचा 'मी'

इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. सामूहिक मनाच्या कथा वाचताना हा फरक आपल्या फार उपयोगाचा आहे, तो वापरून बघू या.

'स्टार ट्रेक'मधले बोर्ग १९८९ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आले. त्यांच्या तोंडी सतत 'वी'. धमकी देताना तो सरळसरळ 'आम्ही' आहे. पण त्यांचं कामच मुळी समोरच्याला धरायचं, अंगात यंत्रं बसवायची आणि त्याला 'आपण'मध्ये ओढून घ्यायचं, हे आहे. विचारून नाही हं! म्हणजे आपला एवढा जिव्हाळ्याचा शब्द, आणि इथे तोच जास्त भीतीदायक.

१९९२ च्या 'आय, बोर्ग' या भागात एकटा सापडलेला बोर्ग, ह्यू, येतो. त्याच्यामार्फत सगळ्या बोर्गांना संपवणारा प्रोग्रॅम पाठवायचा बेत असतो. पण मित्राला सामील करून घ्यायला नकार देताना ह्यू 'मी' म्हणतो आणि बेत बारगळतो. भाग चांगलाच आहे. आमची तक्रार एवढीच, की 'मी' म्हणता आलं की माणूस सुटला, असं तो धरूनच चालतो. (१९९६ च्या चित्रपटात तर बोर्गांना राणीच आणली. पोळं म्हटलं की राणी हवी, एवढाच हिशेब! बोलायला चेहरा मिळाला, भीती मात्र गेली.)

ॲन लेकी यांची 'ॲन्सिलरी जस्टिस' ही २०१३ ची कादंबरी नेमकं हेच गृहीतक उलटवते. निवेदक आहे एक अंतराळातली युद्धनौका. तिच्या 'वन एस्क' तुकडीत वीस शरीरं, आणि सगळी मिळून एक 'मी'. हा 'मी' एकाच वेळी अनेक ठिकाणी हजर असतो, अनेक गळ्यांनी गातोसुद्धा. वाचताना आधी गोंधळ होतो, मग सवय होते, मग चक्क लळा लागतो. आणि ही शरीरं कुणाची? जिंकलेल्या लोकांतून उचललेल्या माणसांची, मनं पुसून टाकलेली. नवं शरीर जोडताना त्यातली घबराट या 'मी'ला जाणवते, थोड्या वेळात ओसरते, आणि कथा पुढे जाते. आपणही पुढे जातो. लेकींनी वाचकाला इथे बरोबर पकडलंय.

आता ही कादंबरी मराठीत आणायची तर 'मी उभा होतो' लिहायचं की 'मी उभी होते'? इंग्रजी 'आय'ला ही अडचण नाही. कादंबरीतल्या साम्राज्याची भाषा लिंगभेद करत नाही, इंग्रजीत तिथे सरसकट 'शी' आहे. म्हणजे 'उभी होते' लिहून अनुवादक सुटेल. पण त्या वीस जणांपैकी प्रत्येकाला आपापल्या भाषेत स्वतःसाठी काहीतरी वेगळं क्रियापद असणार. ते कादंबरीतही कुणी विचारत नाही.